विश्लेषण : जीन्समधला संत आणि रोजचा नेम! कार्लो अकुटिसच्या श्रद्धेत आजच्या तरुणांसाठी नेमके काय आहे?

व्हॅटिकनच्या सेंट पीटर चौकात ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी कार्लो अकुटिस या इटालियन मुलाला संत म्हणून घोषित केले. रक्ताच्या कर्करोगाने २००६ मध्ये त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो अवघा १५ वर्षांचा होता. संगणकाची आवड, पायात स्पोर्ट्स शूज, घरी प्लेस्टेशन. त्यामुळे ‘देवाचा इन्फ्लुएन्सर’, ‘पहिला मिलेनियल संत’ अशी बिरुदे त्याला चिकटली. मात्र चर्चने त्याच्या ज्या गोष्टींचा गौरव केला, त्यात नवे काहीच नाही. रोजची मिस्सा, रोजची जपमाळ, दर आठवड्याचे पापनिवेदन आणि गरिबांना मदत, ही यादी शेकडो वर्षे जुनी आहे. युरोपातील तरुण याच गोष्टींपासून दूर जात असताना एका शाळकरी मुलाने त्या का धरून ठेवल्या आणि त्यावरून आज वाद का होतो, याचा हा आढावा.

कार्लो अकुटिस कोण होता?

कार्लोचा जन्म ३ मे १९९१ रोजी लंडनमध्ये झाला. वडील तेथे नोकरीनिमित्त होते. काही महिन्यांतच हे सुखवस्तू कुटुंब इटलीतील मिलान शहरात परतले. घर नावाला कॅथलिक होते, पण धार्मिक नव्हते. मुलगा होईपर्यंत आपण मोजून तीन वेळा मिस्सेला गेलो होतो, प्रथम ख्रिस्तप्रसाद, दृढीकरण आणि लग्न, असे त्याच्या आईनेच मुलाखतींतून सांगितले आहे. लहानपणी कार्लोला सांभाळणारी बाई पोलंडची होती आणि श्रद्धाळू होती. तिच्याकडून त्याला प्रार्थनेची गोडी लागली, असे कुटुंबीय सांगतात.

पुढचा प्रवास नेहमीच्या उलट झाला. आईवडिलांनी मुलाला चर्चमध्ये नेण्याऐवजी मुलगाच त्यांना नेऊ लागला. त्याच्या प्रश्नांना उत्तरे देता येईनात, म्हणून आईने धर्मशास्त्राचा अभ्यासक्रम सुरू केला. घरी काम करणारे मॉरिशसचे एक हिंदू गृहस्थही त्याच्याशी होणाऱ्या गप्पांतून ख्रिस्ती झाले. आपल्याला कोणी धर्माचा आग्रह केला नाही, या मुलाचे वागणे पाहून आपण प्रभावित झालो, असे त्यांनी नंतर सांगितले.

तो रोज मिस्सेला का जात असे?

कॅथलिक चर्चच्या नियमानुसार रविवारी आणि ठरावीक सणांना मिस्सेला जाणे बंधनकारक आहे. ख्रिस्तप्रसाद वर्षातून किमान एकदा, पास्काच्या काळात घ्यावा, असा दंडक आहे. रोज मिस्सेला जाण्याची सक्ती कोणावरही नाही. कार्लोने सातव्या वर्षी विशेष परवानगीने प्रथम ख्रिस्तप्रसाद घेतला आणि त्यानंतर तो जवळपास रोज मिस्सेला जाऊ लागला.

यामागचा विचार समजण्यासाठी कॅथलिक श्रद्धेतील एक मूळ मुद्दा लक्षात घ्यावा लागतो. मिस्सेमध्ये धर्मगुरू भाकर आणि द्राक्षारस यांवर प्रार्थना करतात. त्यानंतर ती भाकर हे येशूचे प्रतीक राहत नाही, तर येशू तेथे प्रत्यक्ष उपस्थित असतो, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. अनेक प्रोटेस्टंट पंथ ही गोष्ट प्रतीकरूपाने मानतात. कार्लोने चर्चची शिकवण शब्दशः घेतली. देव जवळच्या चर्चमध्ये खरोखरच असेल, तर तेथे रोज न जाण्याचे कारण काय, असा त्याचा सरळ हिशेब होता. मिस्सेला तो स्वर्गाकडे नेणारा महामार्ग म्हणत असे. संगीताच्या कार्यक्रमासाठी आणि फुटबॉलच्या सामन्यासाठी लांबच लांब रांगा लागतात, मात्र चर्चमध्ये ख्रिस्तप्रसादासमोर कोणीच बसत नाही, याचे त्याला नवल वाटे.

मिस्सेच्या आधी किंवा नंतर तो काही वेळ तेथे शांत बसत असे. याला साक्रामेंताची आराधना म्हणतात. उन्हात बसले की अंगाचा रंग बदलतो, तसे इथे बसले की माणूस बदलतो, अशा अर्थाची उपमा तो देई. त्याच्या जोडीला रोज जपमाळ होती. गोव्यात तिला ‘तेर्स’ म्हणतात. येशू आणि मरियेच्या आयुष्यातील प्रसंग मनात आणत, मणी सरकवत केलेली ही प्रार्थना. हरिपाठ किंवा नित्यपूजा असलेल्या घरात वाढलेल्या मराठी वाचकाला याचे स्वरूप ओळखीचे वाटेल. आपल्याकडे त्याला ‘नेम’ हा नेमका शब्द आहे.

पापनिवेदनाबद्दल त्याचे म्हणणे काय होते?

चर्चच्या सर्व प्रथांमध्ये तरुणांना सर्वात अवघड वाटणारी प्रथा म्हणजे पापनिवेदन. कोकणीत त्याला ‘कुमसार’ म्हणतात. आपल्या चुका धर्मगुरूंना सांगायच्या आणि क्षमा मागायची. ऐकलेली गोष्ट धर्मगुरूंनी कोणत्याही परिस्थितीत उघड करायची नाही, असा चर्चचा कडक नियम आहे. गंभीर पापांचे निवेदन वर्षातून किमान एकदा करणे आवश्यक मानले जाते. कार्लो दर आठवड्याला जात असे.

त्यासाठी तो हवेत उडणाऱ्या फुग्याचे उदाहरण देई. मोठ्या फुग्याला वर जायचे असेल तर पाळण्यातील वजने खाली टाकावी लागतात. वजन लहान असले तरी ते खाली ओढतेच. म्हणून किरकोळ चुकाही साचू द्यायच्या नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या बोलण्यात शिक्षेची भीती फारशी दिसत नाही. हलके होण्यावर भर दिसतो. पापनिवेदन म्हणजे केवळ अपराधगंड, असे मानणाऱ्या तरुणांपुढे म्हणूनच धर्मगुरू हे उदाहरण ठेवतात.

धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांसाठी त्याने एक छोटी यादीही केली होती. संत होण्याची मनापासून इच्छा, मिस्सा, जपमाळ, बायबलमधील एखादा उतारा, आराधना, पापनिवेदन आणि दुसऱ्यासाठी काहीतरी करणे, अशा गोष्टी तिच्यात होत्या. शाळेच्या दप्तरात मावेल इतकी ही साधी यादी आज अनेक देशांत धर्मशिक्षणात वापरली जाते.

चर्चबाहेर त्याचे आयुष्य कसे होते?

या प्रश्नाचे उत्तर महत्त्वाचे आहे, कारण त्याच्याविषयीचे कुतूहल तेथूनच सुरू होते. तो जेझुइटांच्या शाळेत शिकला, सॅक्सोफोन शिकला, मित्रांबरोबर फुटबॉल खेळला, चित्रफिती बनवल्या, संगणकाची भाषा स्वतः शिकला. व्हिडीओ गेम त्याला आवडत, पण त्यांची चटक लागू नये म्हणून त्याने स्वतःवर आठवड्याला एक तासाची मर्यादा घातली होती. स्मार्टफोन आणि समाजमाध्यमे घराघरांत येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे.

खाऊच्या पैशांतून तो रस्त्यावर राहणाऱ्यांसाठी झोपण्याच्या पिशव्या आणि जेवण घेई. बुटांचा एक जोड असताना दुसरा घेऊ देत नसे, असे आई सांगते. शाळेत ज्यांची चेष्टा होई त्या मुलांच्या बाजूने तो उभा राहत असे, असे त्याला ओळखणारे सांगतात. अंत्यविधीला परिसरातील गरीब आणि परदेशातून आलेले कितीतरी अनोळखी लोक आल्याचे पाहून घरच्यांनाही आश्चर्य वाटले.

मात्र हे चित्र सर्वांनाच मान्य नाही. तो आमच्याशी धर्माबद्दल कधी बोलल्याचे आठवत नाही, असे काही जुन्या शाळासोबत्यांनी पत्रकारांना सांगितले आहे. टीकाकारांच्या मते मृत्यूनंतर त्याची प्रतिमा अधिक धार्मिक रंगवली गेली. समर्थकांच्या मते शाळेत उपदेश न करणे हाच त्याचा स्वभाव होता. दोन्ही बाजू एका गोष्टीवर सहमत आहेत. तो चारचौघांसारखाच मुलगा दिसत असे.

त्याच्या संकेतस्थळावर काय होते? त्यावर आक्षेप कोणते?

ख्रिस्तप्रसादाशी जोडलेल्या जगभरातील चमत्कारकथांची माहिती कार्लोने गोळा केली. त्यात शंभराहून अधिक कथा आहेत. इटलीतील लांचानो गावी भाकरीचे प्रत्यक्ष मांसात रूपांतर झाले, ही परंपरेने आठव्या शतकातील मानली जाणारी कथा त्यातीलच. आईवडिलांबरोबर त्याने यांपैकी अनेक ठिकाणी प्रवास केला. ही माहिती फलकांच्या प्रदर्शनातून आणि इंटरनेटवरून लोकांसमोर आली. पुढे हे प्रदर्शन सर्व खंडांतील हजारो चर्चमध्ये मांडले गेले.

आक्षेप दोन प्रकारचे आहेत. पहिला धर्मशास्त्राचा. असे चमत्कार मानलेच पाहिजेत, अशी सक्ती चर्च करत नाही. रोजच्या मिस्सेतील श्रद्धेला चमत्काराच्या पुराव्याची गरज भासू लागली, तर श्रद्धेचे रूपांतर कुतूहलात होते, असे काही अभ्यासकांना वाटते. दुसरा आक्षेप इतिहासाचा आणि अधिक गंभीर आहे. मध्ययुगीन युरोपात ‘ज्यूंनी ख्रिस्तप्रसादाची विटंबना केली आणि त्यातून रक्त आले’ अशा कथा पसरवून ज्यूंना ठार मारले गेले. ब्रुसेल्समधील १३७० ची अशी कथा या प्रदर्शनातही आहे. आरोप खोटे होते, हे आज मान्य झाले आहे. किशोरवयीन मुलाने जुन्या ग्रंथांतून जमवलेल्या माहितीत हे आले, तर दोष त्याला किती द्यायचा, आणि ते तसेच पुढे मांडणाऱ्या प्रौढांना किती, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो.

त्याला संतपद कसे मिळाले?

संतपदासाठी व्यक्तीच्या मृत्यूनंतर साधारण पाच वर्षे थांबावे लागते. मग स्थानिक बिशपांच्या पातळीवर चौकशी होते. साक्षी नोंदवल्या जातात, लिखाण तपासले जाते. कार्लोबाबत मिलान धर्मप्रांताने २०१३ मध्ये हे काम सुरू केले. जुलै २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्याला ‘आदरणीय’ घोषित केले.

पुढच्या दोन टप्प्यांसाठी साधारणपणे एकेक चमत्कार सिद्ध मानला जावा लागतो. आजार बरा झाल्याचे वैद्यकीय स्पष्टीकरण मिळते का, हे डॉक्टरांचे मंडळ पाहते. त्यानंतर धर्मशास्त्राचे अभ्यासक, कार्डिनल आणि शेवटी पोप निर्णय घेतात. ब्राझीलमध्ये स्वादुपिंडाच्या जन्मजात दोषामुळे नीट खाऊ न शकणारा एक मुलगा २०१३ मध्ये बरा झाला, ही पहिली घटना. तिच्या आधारे १० ऑक्टोबर २०२० रोजी असिसी येथे कार्लोला ‘धन्य’ घोषित केले गेले. फ्लॉरेन्समध्ये २०२२ मध्ये सायकल अपघातात डोक्याला गंभीर मार लागलेली कोस्टारिकाची एक विद्यार्थिनी सावरली, ही दुसरी घटना. तिला मे २०२४ मध्ये मान्यता मिळाली. सोहळा २७ एप्रिल २०२५ रोजी ठरला होता. त्याआधी सहा दिवस पोप फ्रान्सिस यांचे निधन झाले आणि तो लांबला.

मृत्यूनंतर १९ वर्षांत मिळालेले हे संतपद बरेच लवकरचे आहे. तुलना करायची तर वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे हुतात्मा झाले. त्यांना संतपद मिळाले १८६२ मध्ये. गोव्यातील बाणावलीचे जोसेफ वाझ १७११ मध्ये श्रीलंकेत निवर्तले. ते संत झाले २०१५ मध्ये. एकाने धर्मासाठी प्राण दिले, दुसऱ्याने परक्या देशात छळ सोसून चर्च उभे केले. कार्लोच्या खात्यावर असे काही भव्य नाही. आपले दुखणे पोप आणि चर्चसाठी अर्पण करतो, असे तो रुग्णालयात म्हणाला आणि काही दिवसांत गेला. साधे आयुष्य हेच त्याच्या संतपदाचे कारण आहे.

समाधीवरून वाद काय आहे?

कार्लोच्या इच्छेनुसार त्याला असिसी येथे पुरण्यात आले. आता त्याची काचेची समाधी ज्या चर्चमध्ये आहे, ते श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा असलेल्या संत फ्रान्सिस यांनी अंगावरचे कपडे उतरवून वडिलांच्या संपत्तीवर पाणी सोडले, त्या घटनेशी जोडलेले आहे. तेथे जीन्स, ट्रॅकसूटचे जॅकेट आणि नायकीच्या बुटांत झोपलेला मुलगा पाहायला लाखो लोक येतात. त्याचे शरीर कुजलेच नाही, अशी अफवा पसरली होती. तेथील बिशपांनी ती फेटाळली. चेहऱ्यावर सिलिकॉनचा मुखवटा आहे.

संतांच्या अवशेषांना वंदन करण्याची कॅथलिक परंपरा जुनी आहे. जुन्या गोव्यातील संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवदर्शनाला २०२४-२५ मध्येही मोठी गर्दी झाली होती. मात्र अवशेषांची विक्री चर्चच्या नियमांनुसार निषिद्ध आहे. कार्लोचे केस म्हणून काही वस्तू इंटरनेटवर लिलावाला आल्या, तेव्हा असिसीच्या बिशपांनी २०२५ मध्ये अधिकाऱ्यांकडे तक्रार केली. दुसरा बुटांचा जोड नको म्हणणाऱ्या मुलाच्या नावावर बाजार उभा राहावा, हा विरोधाभास अनेकांना खटकला.

चर्चला कार्लो का हवा होता?

इटलीच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या पाहणीनुसार आठवड्यातून किमान एकदा प्रार्थनास्थळी जाणाऱ्यांचे प्रमाण २००१ मध्ये सुमारे ३६ टक्के होते. २०२२ पर्यंत ते सुमारे १९ टक्क्यांवर आले. तरुणांमध्ये घट अधिक आहे. अशा वेळी ‘संत म्हणजे जुन्या चित्रातला दाढीवाला माणूस’ ही समजूत मोडणारा चेहरा चर्चसाठी मोलाचा आहे. पोप फ्रान्सिस यांनी तरुणांना उद्देशून २०१९ मध्ये लिहिलेल्या पत्रात कार्लोचा उल्लेख इंटरनेटच्या धोक्यांच्या संदर्भात केला. सगळेजण एकमेकांची नक्कल करू लागले आहेत, हे या मुलाने ओळखले, असा त्याचा आशय होता. आयुष्य वाया घालवू नका, ते वरच्या दिशेने न्या, असे पोप लिओ संतपदाच्या सोहळ्यात म्हणाले.

पण चर्चकडून तरुणांच्या इतरही मागण्या आहेत. मार्च २०१८ मध्ये जगभरातील सुमारे ३०० तरुण रोमला जमले होते. चर्चने पारदर्शक व्हावे, चुका मान्य कराव्यात, स्त्रियांचे स्थान स्पष्ट करावे, लैंगिकतेच्या प्रश्नांवर मोकळेपणाने बोलावे, अशा अपेक्षा त्यांनी लिहून दिल्या. मुलांवरील लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांनी अनेक देशांत चर्चवरचा विश्वास ढासळला आहे. यातल्या कोणत्याही प्रश्नाला कार्लोच्या जीवनात उत्तर सापडत नाही. प्रश्न विचारणाऱ्या तरुणांपुढे आज्ञाधारक तरुणाचा आदर्श ठेवला जातो, अशी टीका म्हणूनच होते. दुसरी बाजू अशी की, पंधरा वर्षांच्या मुलाकडून संस्थेच्या सुधारणेचा आराखडा मागणे अन्यायाचे आहे. त्याने संस्थेविषयी भाष्य केले नाही. संस्थेने शिकवलेली गोष्ट मनापासून पाळून दाखवली.

वसई, मुंबई, गोव्यातील तरुणांशी याचा संबंध काय?

इथली परिस्थिती मिलानपेक्षा निराळी आहे. कार्लो एकटा चर्चला जाऊ लागला. वसईच्या गावात किंवा गोव्याच्या वाड्यावर श्रद्धा घरातच भेटते. संध्याकाळची जपमाळ, वाटेवरचा क्रूस, चर्चचा सण, लग्नाची गाणी हे सगळे मुलाला आयते मिळते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) मिस्सा लॅटिनऐवजी लोकभाषांत होऊ लागली. घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलणारा वसईचा मुलगा चर्चमध्ये मराठीतून प्रार्थना करतो. श्रद्धा, भाषा आणि गाव अशी ही घट्ट वीण आहे.

या विणीचा आधार मोठा आहे, पण तिची एक मर्यादाही आहे. घर सुटले, शिक्षणासाठी पुणे-बेंगळूरुला किंवा नोकरीसाठी आखातात, कॅनडात जावे लागले, की संध्याकाळची जपमाळ घडवून आणणारी आजी सोबत नसते. तेव्हा कळते की पाळला जात होता तो घराचा नेम होता की स्वतःचा. रविवारची मिस्सा सवयीने चालू राहते, किंवा सवय मोडताच सुटते. हा प्रश्न केवळ कॅथलिकांचा नाही. घरातली पूजा, नमाज, वंदना किंवा वारी पाहत वाढलेल्या प्रत्येक तरुणाला तो कधी ना कधी गाठतोच.

कार्लोचे उदाहरण इथे उपयोगी पडते. त्याच्या घरात नेम नव्हता, त्यामुळे त्याला तो निवडावा लागला. निवडताना त्याने कारणही स्वतःला समजावून घेतले. प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी परवानगी मागणाऱ्या सात वर्षांच्या मुलाला कोणी ढकलत नव्हते. चमत्कार खरे मानावेत की नाही, काचेची समाधी योग्य की अयोग्य, यावर मतभेद राहतील. पण सांगितले म्हणून करणे आणि पटले म्हणून करणे यातला फरक त्याच्या आयुष्यात स्पष्ट दिसतो. चर्चने त्याचा स्मरणदिन १२ ऑक्टोबर ठरवला आहे. जपमाळेचा महिना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ऑक्टोबरमध्ये घराघरांत माळ हाती घेतली जाईल, तेव्हा कॅथलिक आईवडिलांना मुलांशी एका प्रश्नावर बोलता येईल : आपण हे का करतो? मुलांना त्याचे उत्तर मिळाले, तर गाव सुटल्यावरही माळ हातात राहण्याची शक्यता अधिक.